आद्य बांगी : हजरत बिलाल

ईदच्या नमाजाला अजान नसते. रोजच्या पाच नमाजांना मशिदीतून बांग होते, शुक्रवारच्या सामुदायिक नमाजालाही होते. परंतु रमजान ईद आणि बकरी ईद या दोन सकाळी ईदगाहवर हजारोंचा जो समुदाय लोटतो, तो कोणी हाक न घालताच लोटतो. त्यामुळे इस्लामच्या इतिहासात ज्यांचा आवाज सर्वांत विख्यात, त्या हजरत बिलाल यांना ईदच्या दिवशी बांग द्यावी लागत नसे. त्या दिवशी त्यांच्याकडे निराळेच काम असे. महंमद पैगंबर मदिनेच्या वस्तीबाहेरील मोकळ्या मैदानाकडे निघाले की हातात आखूड भाला घेऊन बिलाल त्यांच्या पुढे चालत. मैदानात पोहोचल्यावर तो भाला पैगंबरांसमोर जमिनीत रोवला जाई आणि त्यामागे रांगा धरून सारा समुदाय मक्केच्या दिशेने तोंड करून उभा राही. हा भाला हबसाणच्या राजाने, नजाशीने, पैगंबरांना नजर केलेल्या भाल्यांपैकी होता, असे जुन्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. भाला हबसाणचा आणि तो धरणारा हातही हबशी!

अशाच एका ईदेची हकीकत हदीसग्रंथांत आली आहे. नमाज आणि प्रवचन आटोपल्यावर पैगंबर स्त्रियांच्या बाजूस गेले आणि त्यांनी त्यांना दानधर्म करण्यास सांगितले. बिलाल यांनी आपले वस्त्र पसरून धरले आणि स्त्रियांनी कानांतील कुड्या व बोटांतील अंगठ्या काढून त्यात टाकल्या. मदिनेच्या आयाबायांनी आपले दागिने विश्वासाने ज्याच्या पदरात टाकले, त्याच माणसाच्या गळ्यात दहा-बारा वर्षांपूर्वी दोर बांधून मक्केतील उनाड पोरे त्याला डोंगरांमधल्या घळींतून फरफटत नेत असत. या दोन चित्रांमधील अंतर त्यांनी कसे कापले, ते आजच्या सणाच्या दिवशी पाहण्याजोगे आहे.

बिलाल यांचा जन्म सहाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात, इ. स. ५८० च्या सुमारास, मक्केत झाला असे मानले जाते. पित्याचे नाव रबाह, मातेचे हमामा. हमामा ही हबशी दासी होती. आणि दासीच्या पोटी जन्मलेला तो दास, या त्या काळच्या रिवाजानुसार बिलाल जन्मतःच गुलाम ठरले. कुरेश कुळातील बनू जुमह या घराण्याचा उमय्या इब्न खलफ हा त्यांचा धनी. उंच, सडपातळ, किंचित वाकलेला बांधा, गडद काळा वर्ण, दाट केस आणि बसके गाल असे त्यांचे वर्णन इतिहासकारांनी केले आहे. गुलामाचे असे बारकाव्यानिशी वर्णन कोणी सहसा करून ठेवीत नाही. बिलाल यांचे ठेवले गेले, ही गोष्टही त्यांच्या पुढील आयुष्याविषयी काही सांगून जाते.

त्यांच्या छळाची कथा समजून घ्यावयाची तर मक्केची घडण ध्यानात घ्यावी लागते. त्या नगरीला राजा नव्हता, कोतवाल नव्हता, न्यायासनही नव्हते. माणसाचे संरक्षण करी ती त्याची टोळी. एखाद्याचा खून झाला तर त्याचे सगेसोयरे सूड घेतील, या धाकावर सारा व्यवहार चाले. पैगंबरांची स्वतःची टोळी त्यांच्या पाठीशी होती, म्हणून विरोधकांना त्यांच्यावर उघडपणे हात टाकता येत नव्हता. परंतु ज्यांना टोळीच नव्हती, त्या गुलामांना, परदेशातून आलेल्यांना आणि आश्रितांना मारले तरी जाब विचारणारे कोणी नव्हते. म्हणून नव्या धर्माची किंमत प्रथम मोजली ती या निराधारांनी. अम्मार यांची वृद्ध माता सुमय्या हिला अबू जहलने ठार केले. इस्लामसाठी प्राण देणारी पहिली व्यक्ती ती मानली जाते. खब्बाब या लोहाराला निखाऱ्यांवर झोपविण्यात आले. आणि बिलाल?

अरबस्तानातील भर दुपारी, वाळू तव्यासारखी तापली असताना, उमय्या त्यांना मक्केबाहेर घेऊन जाई, पाठीवर उताणे पाडी आणि छातीवर मोठा धोंडा ठेववी. एक तर असेच मरावे, नाही तर महंमदाला नाकारून लात व उज्जा या देवतांना मानावे, असा त्याचा पर्याय असे. बिलाल यांच्या तोंडून एकच शब्द निघे. परमेश्वर एक आहे, एवढाच त्या अरबी शब्दाचा अर्थ. ते वाद घालीत नसत, शाप देत नसत, दयेची याचनाही करीत नसत. त्या एका शब्दापुढे उमय्याचा संताप मात्र दर दिवशी वाढत गेला. हे साहजिकच होते. गुलामाचे शरीर विकत घेतले की त्याचे मनही आपोआप आपल्या मालकीचे होते, या समजुतीवर धनीपणाचा सारा डोलारा उभा असतो. वाळूवर पडलेला तो माणूस नेमका त्या समजुतीखालचा दगड काढून घेत होता. परमेश्वर एकच असेल आणि स्वामीही तोच असेल, तर उमय्या कोण? हा प्रश्न बिलाल यांनी कधी शब्दांत विचारला नाही. पण उमय्याला तो पुरता ऐकू येत असावा.

या छळातून त्यांची सुटका केली ती अबू बक्र यांनी. सुटकेच्या व्यवहाराच्या दोन-तीन हकीकती आढळतात. एका हकीकतीप्रमाणे अबू बक्र यांनी मोजून धन दिले. उमय्याने कुत्सितपणे म्हटले की याहून कितीतरी कमी दिले असते तरी मी हा विकला असता. त्यावर अबू बक्र यांनी शांतपणे उत्तर दिले की तू याहून कितीतरी अधिक मागितले असतेस तरी मी ते दिले असते. ही हकीकत कीर्तनकाराला आवडावी अशी आहे आणि ती पुष्कळदा सांगितली जाते. परंतु इब्न इसहाक या आद्य चरित्रकाराने दिलेली हकीकत निराळी आहे. तिच्यानुसार अबू बक्र यांनी बिलाल यांच्या बदल्यात आपल्याकडील दुसरा, अंगाने अधिक धडधाकट असा काळा गुलाम उमय्याला दिला. तो उमय्याच्याच धर्माचा होता. बिलाल मुक्त झाले आणि तो दुसरा त्यांच्या जागी गेला. त्याचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. थोरांच्या चरित्रांतील असे कोपरे सणाच्या दिवशी झाकून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण त्या निनावी माणसाची आठवण ठेवल्याने बिलाल यांची थोरवी उणावत नाही, उलट ज्या जगातून ते वर आले ते जग कसे होते हे अधिक स्वच्छ दिसते.

अबू बक्र यांनी अशा सात जणांना मुक्त केले. त्यांत स्त्रियाही होत्या. त्यांच्या वृद्ध पित्याला, अबू कुहाफा यांना, हा व्यवहार समजेना. दुबळ्यांना सोडवून काय लाभ, धष्टपुष्ट पुरुष सोडव, म्हणजे वेळप्रसंगी ते तुझ्या पाठीशी उभे राहतील, असे त्यांनी मुलाला सुनावले. आपण हे ईश्वराप्रीत्यर्थ करीत आहोत, असे अबू बक्र यांनी उत्तर दिले. हे उत्तर वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे वीस वर्षांनी बिलाल त्यांना याच उत्तराची आठवण देणार आहेत.

इ. स. ६२२ मध्ये पैगंबर आणि त्यांचे अनुयायी मक्का सोडून मदिनेस गेले. मदिनेचे हवामान मक्केहून दमट. आलेल्यांपैकी पुष्कळांना तापाने गाठले, त्यांत अबू बक्र व बिलाल हे दोघेही होते. पैगंबरपत्नी आयेशा यांनी या आजाराची आठवण सांगितली आहे. ताप उतरला की बिलाल मोठ्याने काव्यपंक्ती म्हणत, आणि त्या पंक्तींत मक्केच्या खोऱ्यातील सुगंधी गवताची, तिथल्या पाणवठ्याची, क्षितिजावरच्या डोंगरांची ओढ असे. तिथे पुन्हा एखादी रात्र काढावयास मिळेल काय, अशी हुरहुर त्या ओळींत होती. ज्या नगरीने त्यांच्या छातीवर धोंडा ठेवला त्या नगरीच्या गवताचा वास त्यांना आठवत होता. मायभूमीवर धन्यांचीच मालकी असते असे थोडेच आहे?

मदिनेत मशीद उभी राहिली. पण लोकांना नमाजासाठी एकत्र कसे बोलवावे हा प्रश्न पडला. कोणी शिंग फुंकावे म्हटले, कोणी लाकडी पट्टी वाजवावी म्हटले. तेवढ्यात अब्दुल्ला इब्न जैद या मदिनावासी अनुयायाने आपणांस पडलेले स्वप्न पैगंबरांस सांगितले. त्यात त्याला आवाहनाचे शब्द ऐकू आले होते. उमर यांनाही तसेच स्वप्न पडले होते. पैगंबरांनी ते शब्द मान्य केले. मात्र ते स्वप्न पाहणाऱ्याने न उच्चारता बिलाल यांना शिकवावेत, कारण त्यांचा आवाज अधिक चांगला आहे, असे सांगितले. त्या समुदायात उंच कुळातील, वक्तृत्वासाठी नावाजलेले अरब पुष्कळ होते. अरबांना आपल्या भाषेचा अभिमान किती, हे सांगावयास नको. तरी दिवसातून पाच वेळा सर्वांना बोलावण्याचे काम एका हबशी मुक्त गुलामाकडे आले. पहाटेच्या बांगेसाठी ते मशिदीजवळच्या, बनू नज्जार कुळातील एका स्त्रीच्या घराच्या धाब्यावर चढत, कारण आसपासच्या घरांत ते उंच होते. तिथे बसून ते पूर्वेकडे उजाडण्याची वाट पाहत. झोपेपेक्षा प्रार्थना श्रेष्ठ, या अर्थाचे शब्द पहाटेच्या अजानीत आले ते बिलाल यांच्यामुळेच असे मानतात. रमजानमध्ये तर ते अंमळ आधीच बांग देत, म्हणजे लोकांना सहेरीचे भान राही. आणि नंतर इब्न उम्म मक्तूम या अंध अनुयायाची बांग झाली की खाणेपिणे थांबे. एक मुक्त गुलाम आणि एक अंध, अशा दोघांच्या आवाजावर मदिनेचा उपवास चाले.

इथे एका लोकप्रिय दंतकथेचा उल्लेख केला पाहिजे. बिलाल यांना श चा उच्चार येत नसे, ते स म्हणत, आणि तरीही ईश्वराला तो स च प्रिय होता, अशी गोष्ट आपल्याकडे अनेकांनी लहानपणी ऐकलेली असेल. हेतू भला आहे. पण जाणत्या हदीसकारांनी तिला आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे. आणि विचार करता ती बिलाल यांना न्याय देणारीही नाही. त्यांची निवड दयेपोटी झाली नव्हती, गुणामुळे झाली होती. दुबळ्याला पोटाशी धरल्याची कथा सांगणे आपणांस सोपे जाते. काळ्या माणसाचा आवाज सर्वांत उत्तम होता म्हणून तो निवडला गेला, हे सांगणे का कोण जाणे अवघड जाते.

हिजरी दुसऱ्या वर्षी, इ. स. ६२४ मध्ये, रमजानचे उपवास लागू झाले आणि त्याच महिन्यात बद्रची लढाई झाली. मक्केच्या सैन्यात उमय्या होता. पराभव दिसू लागताच तो आणि त्याचा मुलगा आपल्या जुन्या स्नेह्याला, अब्दुर्रहमान इब्न औफ यांना, शरण गेले. ते त्यांना बंदी करून नेत असता बिलाल यांची दृष्टी पडली. हा वाचला तर मी वाचलो नाही, अशा अर्थाचे ओरडून त्यांनी मदिनेच्या लोकांना हाक घातली. अब्दुर्रहमान यांनी आपल्या अंगाने आड येऊन पाहिले; उपयोग झाला नाही. बापलेक दोघेही तिथे मारले गेले. आपले कैदी आपल्या हातून गेले याची खंत अब्दुर्रहमान यांनी पुढे बोलून दाखविली. ज्या आवाजाने माणसांना प्रार्थनेस बोलावले, त्याच आवाजाने त्या दिवशी सूडासाठीही बोलावले. बिलाल यांची कोणी मूर्ती घडवू नये यासाठी हा प्रसंग उपयोगी आहे. ते माणूस होते, आणि छातीवरचा तो धोंडा त्यांना आठवत होता.

मदिनेतील समता ही एकदा जाहीर होऊन कायमची स्थिरावलेली गोष्ट होती असे समजण्याचे कारण नाही. खुद्द पैगंबरांच्या निकटवर्तीयांतही जुना अहंकार मधूनच फणा काढी. अबू जर हे अत्यंत विरक्त आणि सच्चे अनुयायी. पण एकदा भांडणाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या काळ्या आईवरून हिणविले. परंपरा सांगते की तो माणूस म्हणजे बिलाल. पैगंबरांच्या कानी गेले तेव्हा ते अतिशय रुष्ट झाले आणि अबू जर यांच्यात अद्याप अज्ञानयुगाचा अंश शिल्लक असल्याचे त्यांनी सुनावले. गुलाम हे तुमचे बांधव आहेत, जे आपण खाल तेच त्यांना खाऊ घाला, जे आपण ल्याल तेच त्यांना लेववा, अशी आज्ञा त्यांनी याच वेळी दिली. पुढे एके ठिकाणी अबू जर यांची भेट झाली तेव्हा त्यांनी स्वतः पांघरले होते तसलेच वस्त्र त्यांच्या गुलामाच्याही अंगावर पाहून भेटणाऱ्याने आश्चर्याने कारण विचारले, आणि अबू जर यांनी ही सारी हकीकत स्वतःच्या तोंडाने, काही न लपविता सांगितली. म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली.

बिलाल केवळ बांगी नव्हते. पैगंबरांच्या घरखर्चाची आणि दानधर्माची व्यवस्था त्यांच्याकडे होती. कोणी उघडावाघडा दाराशी आला की त्याला वस्त्र व अन्न देण्याची आज्ञा होई आणि हाताशी काही नसल्यामुळे बिलाल उसनवारी करीत. एका सधन, इस्लाम न स्वीकारलेल्या सावकाराने इतर कोणाकडे न जाता आपल्याकडूनच कर्ज घ्यावे असा आग्रह धरला. एके दिवशी बिलाल वुजू करून बांग देण्यासाठी उभे राहत होते, तोच हा सावकार व्यापाऱ्यांचा घोळका घेऊन आला. त्याने त्यांना नावाने नव्हे, तर अरे हबशा अशी हाक मारली. महिना संपावयास चारच दिवस उरले आहेत, कर्ज फिटले नाही तर तुला धरून नेईन आणि पूर्वीसारखी मेंढरे राखावयास लावीन, असा दम भरला. मुक्त होऊन इतकी वर्षे झाली, पैगंबरांचा विश्वास लाभला, तरी एका कर्जाच्या तारखेसरशी दावणीचा दोर पुन्हा समोर दिसू लागला! त्या रात्री बिलाल यांनी आपली तलवार, ढाल, जोडे उशाशी ठेवले. कर्ज फेडण्याची सोय होईपर्यंत दूरच्या टोळ्यांत निघून जावे असा त्यांचा विचार होता. पहाटे निघणार, तोच बोलावणे आले. फदकच्या प्रमुखाने कापड आणि धान्य लादलेले चार उंट पैगंबरांना पाठविले होते. त्यातून सारे कर्ज फिटले. थोडे धन उरले ते गरजूंना वाटून संपेपर्यंत पैगंबर घरी गेले नाहीत. ती रात्र त्यांनी मशिदीतच काढली. ही हकीकत पुष्कळ वर्षांनी हलब येथे बिलाल यांनी स्वतः एका विचारणाऱ्याला सांगितली. ती हाक त्यांच्या कानातून गेली नव्हती हे उघड आहे.

इ. स. ६३० च्या जानेवारीत, रमजान महिन्यात, मक्का जवळजवळ रक्तपाताशिवाय हाती आली. पैगंबर काब्याच्या आत गेले तेव्हा त्यांच्याबरोबर तिघे होते : काब्याची किल्ली बाळगणारे उस्मान इब्न तल्हा, मुक्त गुलाम जैद यांचा व हबशी माता उम्म ऐमन हिचा पुत्र उसामा, आणि बिलाल. कुरेशांचे अमीर-उमराव बाहेर उभे होते. पैगंबर बाहेर आल्यावर उमर यांचे पुत्र धावत गेले आणि आत पैगंबरांनी नमाज नेमका कोठे पढला ते त्यांनी बिलाल यांना विचारले. बिलाल यांनी खांबांमधली जागा सांगितली, आणि ती तशीच ग्रंथबद्ध झाली. जन्मभर ज्याच्या शब्दाला मक्केत किंमत नव्हती, त्याच्या शब्दावर पवित्रतम वास्तूतील पवित्रतम जागा निश्चित झाली.

मग पैगंबरांनी त्यांना काब्याच्या माथ्यावर चढून अजान देण्यास सांगितले. अंगणात कुरेशांचे मानकरी बसले होते. हे पाहण्याआधीच आपला बाप मेला हे बरे झाले, असे एकजण पुटपुटला. या काळ्या कावळ्याखेरीज दुसरा कोणी बांगी मिळाला नाही काय, असा दुसऱ्याचा कुचेष्टेचा उद्गार होता. कुराणातील एकोणपन्नासाव्या सूरेतील तेरावी आयत या प्रसंगाशी निगडित असल्याचे काही भाष्यकार मानतात. सर्व मानव एकाच स्त्री-पुरुषापासून झाले, कुळे आणि जमाती केवळ परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत आणि ईश्वरापाशी श्रेष्ठ तो जो अधिक सदाचारी, असा तिचा आशय आहे. दोन वर्षांनी, अखेरच्या हजयात्रेतील प्रवचनांत, अरबाला अरबेतरावर वा गोऱ्याला काळ्यावर कसलेही श्रेष्ठत्व नाही हे पैगंबरांनी पुन्हा बजावले. पण मक्केच्या लोकांना हा धडा शब्दांत मिळण्यापूर्वी डोळ्यांनी मिळाला होता. ज्या काब्याच्या सावलीत त्यांची वंशावळ आणि प्रतिष्ठा पोसली होती, त्याच्या माथ्यावर हमामा दासीचा मुलगा उभा होता, आणि तो खाली उतरेपर्यंत सर्वांना मान वर करूनच पाहावे लागत होते.

इ. स. ६३२ मध्ये पैगंबर निवर्तले आणि बिलाल यांचा आवाज थांबला. बांगेतील पैगंबरांचे नाव आले की त्यांचा गळा दाटून येई. मदिना सोडून सिरियाच्या मोहिमेवर जाण्याची परवानगी त्यांनी मागितली. अबू बक्र आता खलिफा होते. त्यांनी थांबण्याचा आग्रह केला. तेव्हा बिलाल यांनी जे उत्तर दिले त्याला तोड नाही. आपण मला स्वतःसाठी विकत घेतले असेल तर ठेवून घ्या. ईश्वराप्रीत्यर्थ घेतले असेल तर मला त्याच्या कामासाठी सोडा, असे ते म्हणाले. यात उद्धटपणा नव्हता. अबू बक्र यांच्यावर त्यांचे प्रेम होते, आणि काही इतिहासकारांच्या मते त्यांच्या हयातीत ते मदिनेतच राहिले. परंतु उपकाराचाही एक पाश असतो. ज्याने दास्यातून सोडविले त्याच्या ऋणात जन्मभर मान लववून राहणे ही दास्याचीच सभ्य आवृत्ती होऊ शकते, हे त्या अनुभवी माणसाने ओळखले होते. आणि अबू बक्र यांनी वृद्ध पित्याला दिलेले जुने उत्तर खरे करून दाखविले. त्यांनी हक्क सांगितला नाही.

दुसरे खलिफा उमर हे स्वतः कुरेशांपैकी, आणि स्वभावाने करडे. अबू बक्र हे आमचे स्वामी आणि त्यांनी आमच्या स्वामींना मुक्त केले, असे ते बिलाल यांच्याविषयी म्हणत. गुलामाचा धनी ज्या शब्दाने ओळखला जाई तोच शब्द खलिफाने मुक्त गुलामाला लावला. एकदा उमर यांच्या दाराशी भेटीसाठी अबू सुफियान, सुहैल इब्न अम्र असे मक्केचे जुने पुढारी ताटकळत होते आणि बिलाल, सुहैब अशांना आधी आत बोलावले गेले. अबू सुफियान चिडले. सुहैल यांनी मात्र त्यांना समजाविले की रागवायचे तर स्वतःवर रागवा. हाक त्यांनाही आली होती आणि आपणांलाही, ते धावले व आपण रेंगाळलो.

असे असूनही गुलामगिरी त्या पिढीत संपली नाही, पुढील पिढ्यांतही नाही. कुराणाने गुलाम मुक्त करणे हे पुण्यकर्म ठरविले, अनेक अपराधांचे ते प्रायश्चित्त केले, जकातीचा एक वाटा त्यासाठी राखून ठेवला. पण बाजार बंद झाले नाहीत. हबसाणची मुले-माणसे नंतर हजार वर्षे मुस्लिम व्यापाऱ्यांच्याही हातून विकली जात होती. आपल्या दख्खनला हा इतिहास परका नाही. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर हा असाच लहानपणी विकला गेलेला हबशी. मोखा, बगदाद अशा बाजारांतून फिरत तो दख्खनेत आला आणि इ. स. १६१० मध्ये त्याने खडकी नगर वसविले, तेच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याच्या सिद्दींचे मूळही तिकडचेच. या माणसांनी पराक्रमाने राज्ये चालविली हे खरे. परंतु त्यांना विकणारे लोक दिवसातून पाच वेळा बिलाल यांनी प्रथम उच्चारलेले आवाहन ऐकत होते हेही तितकेच खरे आहे. आपल्याकडच्या मुस्लिम समाजातही बिरादरी पाहून सोयरिकी करणारे आणि ईदगाहच्या रांगेबाहेर पडताच कूळ विचारणारे आहेत, हे सणाच्या दिवशी बोलू नये असे काहींना वाटेल.

सोयरिकीचा विषय निघालाच आहे तर बिलाल यांची सोयरिक सांगितली पाहिजे. ते आणि त्यांचे बंधू एका अरब कुळात मागणी घालावयास गेले. बिलाल यांनी आपली शिफारस केली नाही आणि काही लपविलेही नाही. आम्ही दोघे हबशी आहोत, गुलाम होतो, ईश्वराने मुक्त केले. वाट चुकलेले होतो, त्याने वाट दाखविली. मुली द्याल तर त्याची स्तुती, नकार द्याल तरी तो महान आहेच, एवढेच त्यांनी सांगितले. त्या कुळाने मुली दिल्या.

मदिनेत पैगंबरांनी मक्केहून आलेल्यांचे स्थानिकांशी व परस्परांशी बंधुत्वाचे नाते जोडून दिले होते. त्यात बिलाल यांचा बंधू म्हणून खसअम टोळीतील अबू रुवैहा यांचे नाव इब्न इसहाक देतो. पुढे उमर यांनी सिरियात सैनिकांच्या वेतनाच्या वह्या टोळीवार लिहविल्या, तेव्हा तुमचे नाव कोणाबरोबर घालावे असे बिलाल यांना विचारले. त्यांना टोळी नव्हती. त्यांनी अबू रुवैहा यांच्याबरोबर घाला असे सांगितले. पैगंबरांनी जोडून दिलेले नाते मी तोडणार नाही, असे त्यांचे म्हणणे. बिलाल यांच्याखातर सर्व हबशांची नोंद खसअम टोळीच्या वहीत झाली आणि पुढे कित्येक पिढ्या ती तशीच चालली.

इ. स. ६३८ च्या सुमारास उमर सिरियात जाबिया येथे आले, तेव्हा लोकांच्या आग्रहावरून बिलाल यांनी एकदा अजान दिली. ज्यांनी मदिनेतील पहाटा पाहिल्या होत्या ते वृद्ध सैनिक तो आवाज ऐकून रडू लागले. सर्वांत अधिक उमर रडले, असे सांगतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, हिजरी विसाव्या वर्षाच्या सुमारास, वयाची साठी उलटलेली असता बिलाल दमास्कस येथे मृत्युशय्येवर पडले. पत्नी उशाशी बसून आपल्या दुःखाचा आक्रोश करू लागली, तेव्हा त्यांनी तिला मध्येच थांबविले. दुःख नव्हे, आनंद म्हण, उद्या मला माझे प्रियजन भेटणार आहेत, महंमद आणि त्यांचे सोबती, असे ते तिला म्हणाले. काहींनी त्यांची समाधी हलब येथे असल्याचे लिहिले आहे. परंतु दमास्कसच्या बाब-अस्-सगीर, म्हणजे धाकट्या वेशीजवळच्या कबरस्तानात त्यांना मूठमाती दिली गेली, असे बहुतेक जण मानतात.